राहू दे गं

दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय आणि ती इतकी बारीक आहे की घरी सांगितली तर आई म्हणेल यात काय झालं एवढं. झालं काहीच नाहीये तसं. दहीपुलाच्या ज्या वाड्याचं काम आम्ही करतोय त्याच्या काकू आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आल्या होत्या, त्यांना स्क्रीनवर वाड्याचं थ्रीडी मॉडेल दाखवत होते. मध्येच त्यांनी विचारलं की मागच्या चौकात उभं राहून वर बघितलं तर नवा जिना कसा दिसेल गं, तिथल्या जुन्या जिन्याच्या पायरीवर आत्याबाई बसायच्या ना. मी फिरवायला घेतलं. मॉडेल अर्धवट फिरलं, अडकलं, कौलं गायब होऊन नुसते खोके दिसायला लागले, मग कौलं परत आली, परत अडकलं. काकूंनी चष्मा वर करून, पुढे वाकून थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाल्या, "राहू दे गं बाई. तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

मग चहा झाला, मुलाच्या नोकरीचं बोलणं झालं, त्या गेल्या.

आता यात माझा जीव का अडकलाय ते मला नीट सांगता येत नाहीये. पण अख्ख्या प्रोजेक्टमध्ये कोणी विचारलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. एफएसआय (जागेवर किती बांधता येतं ते) किती मिळणार, पार्किंगचं काय, टीडीआर (बांधकामाचा हक्क) विकता येईल का, हे सगळे विचारतात. त्या चौकातून वर बघितल्यावर काय दिसेल हे फक्त त्यांनी विचारलं, कारण त्या तिथे चाळीस वर्षं राहिल्यात आणि त्यांनी तिथून खरंच वर बघितलंय. आणि तो प्रश्न त्यांनी स्वतःहून मागे घेतला, का तर स्क्रीन अडकत होती.

आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आम्ही हौसेने घेतलं नाही. स्ट्रक्चरलवाल्यांनी, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीचा हिशोब करणाऱ्यांनी, घेतलं, त्यांच्या फाईली नव्यात यायला लागल्या आणि जुन्यात त्या उघडेनात. आणि एकदा फाईल नव्यात सेव्ह झाली की ती परत मागे जात नाही, म्हणजे जाते पण निम्म्या गोष्टी गळून. त्यामुळे परतीचा रस्ता बंद. तेव्हापासून हे चाललंय. प्लॅन सरकवला की रेघा मागून येतात. झूम केलं की क्षणभर सगळं धूसर. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद, फार तर एक. कोणाला सांगितलं तर हसतील, पण दिवसभर तेच करायचं असेल ना तर तो अर्धा सेकंद हातात बसतो. साधारण एक दशांश सेकंदाच्या आत उत्तर आलं तर आपल्याला ते लगेच आल्यासारखं वाटतं, त्याच्या पुढे गेलं की हात वाट बघायला लागतो. आणि हात वाट बघायला लागला की डोकं दुसरीकडे जातं. मी भिंत सरकवताना भिंतीचा विचार करत नाहीये, स्क्रीन कधी येईल याचा करतेय. रडूच येत होतं खरं तर संध्याकाळी. सगळा ताण एकटीने का म्हणून, सर सॉफ्टवेअरला हात लावत नाहीत, आणि जो लावायचा तो पुण्याला गेला. जाऊ दे ते.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या वेळी रीजेन (सगळं चित्र परत काढायची कमांड) दिला की खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचो. ते विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या ऑटोकॅडपासूनचे (तेही ड्रॉइंगचंच सॉफ्टवेअर) आहेत, १९९७ ला त्याचं आर-१४ व्हर्जन आलं आणि डॉस कायमचं सुटलं तोपर्यंत त्यांनी असंच काम केलंय, त्याच्या आधी तर ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगचं शाईचं पेन. म्हणाले, बिल्डिंग आम्ही मनात फिरवायचो. मला सरांबद्दल खूप आदर आहे पण हे पटत नाही. ते मनात फिरवू शकतात, काकू नाही ना फिरवू शकत. काकूंसाठीच तर ते स्क्रीनवर फिरायला हवं. क्लायंटला स्वतःचं घर बघता यावं यासाठी हे सगळं आहे, नाहीतर मग तो ट्रेसिंग पेपर काय वाईट होता.

ते गेल्यावर बसलेच मग. काय बदललंय ते शोधायचंच म्हणून.

जुन्या व्हर्जनमध्ये प्लॅनच्या रेघा काढायचं काम प्रोसेसर करायचा आणि ग्राफिक्स कार्ड फक्त थ्रीडीला. नव्यात प्लॅनसुद्धा कार्डाकडे दिलाय. तत्त्वतः ते बरोबरच आहे, कार्डाला एकाच वेळी हजारो बारीक कामं करता येतात, आणि रेघाही किती छान दिसतात आता, तिरक्या रेघेला दाते नाहीत, हॅचवर, म्हणजे भरीव भाग दाखवायच्या रेघांवर, पारदर्शक रंग बसतो, प्रिंट काढल्यासारखं दिसतं. पण मग कार्डही तसं पाहिजे. त्यात गेल्या दिवाळीत मॉनिटर फोर-के घेतला. ३८४० बाय २१६० म्हणजे ८३ लाखाच्या आसपास पिक्सेल, आधीच्या फुल एचडीवर ते २१ लाखाच्या आतबाहेर होते. बरोबर चौपट. हालचाल सलग दिसायला सेकंदाला ६० चित्रं धरली तर एका चित्राला १७ मिलिसेकंद मिळतात, त्यात हे ८३ लाख ठिपके रंगवायचे. आधी चालत होतं कारण प्लॅनचं ओझं कार्डावर नव्हतं.

आणि मग मला टास्क मॅनेजरमध्ये दिसलं की आमचं कार्ड नुसतं बसून आहे. शून्य टक्के! सगळं काम प्रोसेसरच्या आतली ती छोटी ग्राफिक्स चिप करत होती, जिला स्वतःची मेमरीसुद्धा नाही, रॅममधली वापरते. अशा लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात आणि कुठला प्रोग्रॅम कशावर चालवायचा ते विंडोज ठरवतं, जुन्या व्हर्जनला आपण हाय परफॉर्मन्स देऊन ठेवलं होतं पण ते सेटिंग त्या त्या प्रोग्रॅमच्या फाईलपुरतं असतं. नवीन व्हर्जन नव्या फोल्डरमध्ये बसतं, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने हा अनोळखी प्रोग्रॅम. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे जाऊन नवीन व्हर्जन जोडलं, हाय परफॉर्मन्स केलं, बंद करून परत उघडलं. प्लॅन सरकला. हाताबरोबर सरकला. कितीतरी दिवसांनी.

पण वाड्याच्या फाईलीत एक गोष्ट राहिलीच होती, रेघांची थरथर. जिन्याजवळ खूप झूम केलं की भिंतीच्या दोन रेघा जागच्या जागी हलतात, कधी एकमेकींवर चढतात. हे मला सगळ्यात जास्त छळत होतं कारण रेघ हलताना दिसली की मापावरचा विश्वासच उडतो. मापं तपासली तर बरोबर. मग कळलं. तो वाडा पूररेषेजवळ आहे ना, गोदेला मोठा पूर आला की पाणी सराफ बाजार, दहीपुलाकडे येतंच, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढलं यावर अख्खं नाशिक पूर मोजतं पण मंजुरीला निळी आणि लाल रेषा लागते, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. ती रेषा नकाशावर खरी बसावी म्हणून सर्व्हेवाल्या दादांनी सगळं यूटीएममध्ये (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) दिलंय, झोन ४३. म्हणजे आपला वाडा विषुववृत्तापासून मोजलेल्या २२ लाख मीटरवर आहे. आमची फाईल मिलिमीटरमध्ये, म्हणजे आकडा २२१ कोटींच्या घरात.

प्रोसेसर असे आकडे ६४ बिटमध्ये पेलतो, पंधरा अंक अचूक. कार्ड चित्र काढताना सहसा ३२ बिटमध्ये काम करतं, त्यात साधारण सात अंक धड राहतात. २२१ कोटींच्या जवळ दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतरच २५६ मिलिमीटर होतं. आणि नऊ इंची भिंत असते २३० ची. म्हणजे ते आकडे जसेच्या तसे कार्डाकडे गेले तर त्याला भिंतीची ही बाजू आणि ती बाजू वेगळी सांगताच येत नाही! सॉफ्टवेअर आतल्या आत आकडे लहान करून बरंच सांभाळून घेतं म्हणून निदान भिंत दिसत तरी होती. हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. वाडा तिथेच होता, मापं तीच होती, फक्त बघणारं बदललं होतं.

सर्व्हेचा एक कोपरा धरून सगळं शून्याजवळ आणलं, खरा कोऑर्डिनेट त्या कोपऱ्यावर लिहून ठेवला, पूररेषाही तेवढीच सरकवली. थरथर गेली.

थ्रीडी पूर्ण सुधारलं नाहीये, खांबांवरचं कोरीव काम फार जड आहे, कार्डाची ४ जीबी मेमरी त्यात भरून जाते आणि एकदा भरली की मग रॅममधून आणा-ने चालू, तिथे अडकतं. कोरीव कामाची लेयर बंद केली, सावल्या बंद केल्या, तेव्हा फिरायला लागलं. आणि मग मागच्या चौकात कॅमेरा ठेवला, साडेचार-पाच फुटांवर, काकूंच्या नजरेच्या उंचीला, आणि वर केला.

जिन्याचा लँडिंग स्लॅब (मधल्या टप्प्याचा सपाट भाग) बरोब्बर डोक्यावर येतोय. आकाशाचा जवळजवळ निम्मा तुकडा खाल्लाय त्याने. प्लॅनमध्ये हे कळत नव्हतं, सेक्शनमध्ये (बिल्डिंग उभी कापल्यासारखं ड्रॉइंग) कळायला हवं होतं पण सेक्शन त्या बाजूने कापलेलाच नाहीये. लँडिंग दीड फूट मागे घेतला आणि एक पायरी वळवली तर सुटतंय असं दिसतंय, उद्या नीट बघते.

साडेसातला काकूंना फोन केला. म्हणलं, काकू, तुमचा प्रश्न बरोबर होता, परत याल का. त्या म्हणाल्या अगं मी सहज विचारलं होतं, आणि गुडघा दुखतोय, तुम्हीच फोटो पाठवा मोबाईलवर. पाठवले. त्यावर अजून काही आलं नाहीये, निळ्या टिका झाल्यात.

आता नुसतं आठवतेय की मधल्या काळात इतर कामांत किती जणांनी काय काय विचारता विचारता सोडून दिलं असेल. इंदिरानगरच्या ताईंनी किचनच्या खिडकीचं काहीतरी विचारलं होतं, तेव्हाही स्क्रीन अडकली होती आणि मग आम्ही टाईल्सवर गेलो. त्या खिडकीचं काय होतं ते त्यांनाच विचारायला पाहिजे. सगळे नाही आठवणार, असू दे. व्हर्जन दरवर्षी येणारच आहे आणि दरवर्षी कशाचं तरी ओझं कोणाच्या तरी डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार आहे, ते थांबवणं माझ्या हातात नाही, दर वेळी शोधून काढणं आहे. मखमलाबादचा बंगला मात्र पझेशनपर्यंत जुन्या व्हर्जनमध्येच ठेवणार, दोन्ही इन्स्टॉल आहेत, स्ट्रक्चरलवाल्यांना त्याची फाईल जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून द्या म्हणून सांगितलंय. आणि सरांकडे डेस्कटॉपचा विषय काढायचाय, ८ किंवा १२ जीबीच्या कार्डाचा, कोटेशन दोन ठिकाणांहून मागवलंय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला गेला की हा लॅपटॉप तापून तसाही स्वतःचा वेग कमी करतो, त्याच्या आत व्हायला हवं.