येझदीचं टायमिंग : प्लेट सरकवण्याआधी पॉइंट्स हलवून बघा

डर्टसाठी, म्हणजे कच्च्या वाटांसाठी, सोललेल्या येझदी २५०चं काम एकदाचं टायमिंगपर्यंत, म्हणजे ठिणगी कोणत्या क्षणी पडायची ते लावण्यापर्यंत, आलं. दिवे, साइड पॅनल, मडगार्ड, सगळं आधीच उतरवलंय. इंजिन मात्र मूळचंच, बोअर-स्ट्रोक ६५ बाय ७५ मिमी, ६ व्होल्टचा डायनॅमो आणि पॉइंट्स (कॅमनं उघडणारा छोटा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते). तक्रार अशी होती की सपाटीवर गाडी बरी पळते, पण चढावर थ्रॉटल भरला की कधी दम खाते, कधी टिणटिण वाजते. एकाच चढावर दोन्ही! टायमिंग नुसतं मागं (ठिणगी उशिरा, म्हणून दम खाणं) किंवा पुढं (ठिणगी लवकर, म्हणून टिणटिण) असतं तर एकच काहीतरी झालं असतं. म्हणजे टायमिंग जागेवर थांबतच नव्हतं.

शोधायला फार अवजारं लागली नाहीत. ६ व्होल्टचा बल्ब घेतला, एक वायर पॉइंट्सच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला. इग्निशन चालू केलं की पॉइंट्स बंद असेपर्यंत बल्ब विझलेला, उघडले की मंद पेटतो. (इथं मल्टिमीटरची बीप फसवते, कॉइलची वायर न सोडता लावलात तर तो कॉइलमधूनच वाट काढतो आणि वाजतच राहतो.) इंजिन हातानं फिरवून बल्ब नेमका पेटायच्या बेतात आणला आणि क्रँकच्या टोकावरचं डायनॅमोचं आर्मेचर वर-खाली दाबून पाहिलं. बल्ब ढिम्म. म्हणजे क्रँकचं बेअरिंग ठीक. मग पॉइंट्सचा हलणारा हात बोटानं जरासा बाजूला रेटला, आणि बल्ब लुकलुकायला लागला. हात ज्यावर फिरतो त्या पिव्हटचं बुश झिजलेलं. आता प्रत्येक फेरीत ठिणगी थोडी वेगळ्या क्षणी पडणार, तिला टायमिंग कसलं?

नाना पेठेत पॉइंट्सचे दोन प्रकार हातात पडले. स्वस्तातल्या सेटची, कॅमवर घासणारी फायबरची टाच नखानं खरवडली तरी रेघ उमटते. ती चार दिवसांत घासणार, पॉइंट्स उघडल्यावरचा गॅप कमी होणार आणि टायमिंग आपोआप मागं जाणार. दुसरा सेट दाखवत दुकानदार म्हणाले, "साहेब, जुना माल आहे, डबा गंजलाय म्हणून कोणी घेत नाही." आपल्याला डबा कुठं लावायचाय? तोच घेतला.

आता क्रम. आधी गॅप, मग टायमिंग. उलटं कधीच नाही. गॅप वाढवला की पॉइंट्स लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढं जातं. नंतर गॅप लावत बसलात तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. गॅप ०.४ मिमी ठेवला, फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) हलकं अडकत सरकेल इतपत. कॅमच्या फेल्टला ग्रीसचा ठिपका. ठिपकाच, लोणी नको. जास्त झालं की उडून पॉइंट्सवर बसतं.

पिस्टन किती खाली आहे ते मोजायला प्लगच्या भोकातून डायल गेज घालणं सोपं, पण भोक तिरकं असेल तर आकडा खोटा येतो. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हची भानगड नाही, हेड चार नटांवर निघतं. काढून गेज सरळ पिस्टनच्या मध्यावर उभं केलं. टीडीसीपाशी (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेपाशी) सुई रेंगाळते, त्यामुळे 'आलं टीडीसी' असं डोळ्यानं ठरवू नका. दोन्ही बाजूंना सारखं रीडिंग येईल तिथं आर्मेचरवर खुणा करा आणि त्यांचा मध्य घ्या. मग इंजिन थोडं जास्त मागं नेऊन, चालतं त्याच दिशेनं परत टीडीसीच्या ३ मिमी आधी आणलं, म्हणजे सगळा सैलपणा एकाच बाजूला जातो. पॉइंट्स ज्यावर बसतात त्या प्लेटचे स्क्रू सैल करून बल्ब पेटेल तिथं आवळले. प्लेट कॅमच्या फिरण्याच्या उलट्या दिशेला सरकवली की टायमिंग पुढं जातं. इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट्स बंद असताना कॉइल तापते.

चाचणी पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या अलीकडच्या एका मुरमाड चढावर घेतली. दुसरा गिअर, थ्रॉटल भरलेला, इंजिन गरम. दम खाणं गेलं, पण अगदी वर, आरपीएम पडल्यावर, टिणटिण किंचित उरली होती. तिथेच प्लेट केसभर मागं घेतली. घरी येऊन मोजलं तर २.७ मिमी भरलं. या स्ट्रोकला अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण दोन अंश, म्हणजे मी बदललं ते जेमतेम एक अंश. पण आवाज थांबला. रस्त्यावरच्या गाडीला मी ३च ठेवला असता. चढावर रखडत, पूर्ण लोडवर चालणाऱ्या इंजिनाला पिस्टन जपलेला बरा. फार मागं मात्र नेऊ नका, मग सायलेन्सर तापतो आणि गाडी मरगळते.

प्लग काढून पाहिला, फिकट तपकिरी. म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण ठीक, त्यामुळे कार्बोरेटरचा मेन जेट तूर्त आहे तोच. पुढच्या खेपेला मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं करायचंय; तोवर थोडं चालवून पॉइंट्सचा गॅप पुन्हा तपासतो, नवी टाच बसताना सुरुवातीला थोडी घासतेच.