सव्विसावी पावती

डिप्लोमाला असताना सी भाषेच्या पेपरात ‘फाइल उघडण्याचे मोड लिहा’ हा चार मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, ए म्हणजे शेवटी जोडणे, आणि पुढे अधिकचं चिन्ह लावलं की वाचणं-लिहिणं दोन्ही. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर त्याचं एक प्रॅक्टिकलही असायचं. नाव-गाव विचारायचं, फाइलमध्ये टाकायचं, परत वाचून दाखवायचं. जर्नलवर सही मिळाली की विषय संपला.

माझा विषय खरा सुरू झाला तो नोकरीत, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. आमच्या छोट्या कंपनीने तिथलं काम घेतलं होतं. काट्याच्या डिस्प्लेकडून सिरियल केबलने वजन घ्यायचं, पावती छापायची आणि नोंद फाइलमध्ये ठेवायची. केबलशी बोलणारा जुना कोड सीमध्ये होता, म्हणून बाकीचंही मी सीमध्येच लिहिलं. विंडोजचं मशीन, जीसीसीचा कंपायलर, डेटाबेस नाही. हंगाम आठवड्यावर आला होता.

पहिल्या दिवशी प्रोग्रॅम सुरूच होईना. ऑफिसात मी तो हाताने चालवायचो, तेव्हा फाइल त्याच्याच फोल्डरमध्ये बनायची. काट्यावर तो मशीनबरोबर आपोआप सुरू व्हावा म्हणून टास्क लावला होता, आणि अशा टास्कचं चालू फोल्डर असतं विंडोजचं सिस्टम-32. फाइल उघडणाऱ्या एफओपनला मी नुसतं फाइलचं नाव दिलेलं. तिथे लिहायची परवानगी नाही, एफओपनने नल, म्हणजे ‘उघडली नाही’, परत केला, मी तो तपासला नव्हता, आणि त्या नलवर लिहायला गेल्यावर प्रोग्रॅम आपटला.

मग पूर्ण पत्ता दिला. फोल्डरचं नाव हौसेने ‘नोंदी’ ठेवलं होतं, इंग्रजी अक्षरांत. आता नल तपासत होतो आणि पी-एररने कारण छापत होतो, तर उत्तर आलं ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. अर्धा तास गेला तेव्हा दिसलं की उलटी तिरकी रेघ आणि तिच्या मागोमाग एन आला की सी त्याला नवी ओळ समजते. माझ्या पत्त्याच्या मधोमध चक्क ओळ तुटत होती. रेघा सुलट्या केल्या, विंडोजला त्या चालतात, आणि काम सुरू झालं.

चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी आधीच्या हंगामातली. मशीन परत चालू झालं, प्रोग्रॅम सुरू झाला, पावती क्रमांक एकपासून निघायला लागल्या. सकाळपासूनच्या नोंदी गायब. मी फाइल डब्ल्यू मोडमध्ये उघडत होतो. डब्ल्यू म्हणजे ‘लिहिणे’ हे पाठ होतं. पण फाइल आधीपासून असेल तर उघडता क्षणीच ती शून्य बाइटची होते, एक अक्षरही लिहायच्या आत, हे मात्र पाठ असूनही कळलेलं नव्हतं.

काट्यावर नोंद जाणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. ऊस उत्पादकाच्या मनात काटामारीचा संशय कायम जागा असतो, आणि तो उगाच नसतो. पन्नास ट्रॅक्टर रांगेत, आणि खिडकीत येऊन एक जण विचारतोय, ‘माझा ऊस मोजला का नाही?’ काट्यावरच्या क्लार्कनी, त्यांना सगळे मामाच म्हणायचे, पावत्यांच्या कार्बन कॉपी काढल्या. मी वाचत गेलो, ते टाइप करत गेले. रात्री साडेनऊ वाजले.

डब्ल्यूचा ए केला. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा मी निवांत होतो. फाइल उघडून पाहिली तर सकाळच्या नोंदी जागेवर, पण पावत्या 212 आणि फाइलमध्ये ओळी 173. शेवटची ओळ तर गाडी नंबरच्या मध्यातच तुटलेली, ‘एमएच’ आणि पुढे काही नाही.

या तुटलेल्या ओळीनेच मला प्रवाह, म्हणजे स्ट्रीम, म्हणजे काय ते शिकवलं. एफओपन आपल्या हातात फाइल देत नाही. तो देतो फाइलचा पॉइंटर, आणि त्याच्यामागे मेमरीत एक बफर असतो. मोटेचं पाणी जसं आधी थारोळ्यात पडायचं आणि मग पाटाने शेतात जायचं, तसं आपण लिहिलेलं आधी या थारोळ्यात साठतं. सीबरोबर तयार फंक्शनांची लायब्ररी येते, आमच्या लायब्ररीत ते 4096 बाइटचं होतं. भरलं की एकदम पुढे जातं, ओळ पूर्ण झाली की अर्धी आहे हे ते बघत नाही. लाइट गेली तेव्हा 39 नोंदी थारोळ्यात होत्या. हीच ओळ पडद्यावर मात्र लगेच दिसायची, त्यामुळे फाइलमध्येही गेलीच असेल असं मी धरून चाललो होतो. कीबोर्ड, पडदा आणि चुकांचा संदेश हे तीन प्रवाह प्रोग्रॅम सुरू होतानाच उघडून मिळतात, आणि लिहायचं पडद्यावर असो की फाइलमध्ये, एकच एफप्रिंटएफ चालतो. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्कने आधी केलेल्या इनपुट-आउटपुटच्या पॅकेजमधून ही लायब्ररी आली आणि 1979च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ती होती. रचना सुंदरच आहे. फक्त बाहेरून सारख्या दिसणाऱ्या प्रवाहांची आतली थारोळी सारखी वागत नाहीत.

थारोळं लगेच रिकामं करणारा एफफ्लश घातला. तोही डेटा ऑपरेटिंग सिस्टमच्या हवाली करतो, डिस्कवर गेल्याची हमी देत नाही, म्हणून त्याच्यामागे डिस्कवर लिहायला लावणारा विंडोजचा कमिट. तेवढ्याने भागलं असतं. पण मी घाबरलो होतो, त्यामुळे वर शहाणपणा केला: प्रत्येक वजनाला फाइल उघडायची, लिहायची, बंद करायची. आणि मामांनी पावती रद्द केली की प्रोग्रॅम मधल्याच एका वाटेने बाहेर पडायचा, तिथे फाइल बंद करणारा एफक्लोज नव्हता. आमच्या लायब्ररीत एका वेळी 512 प्रवाह उघडे राहू शकतात, त्यातले तीन आधीचेच. म्हणजे 509 रद्द पावत्या झाल्या की पुढचा एफओपन नल. मशीन बरेच दिवस बंद न करता चाललं की असं एकदा व्हायचं. मामा म्हणायचे, ‘साहेब, याला अधूनमधून झोपू द्यावं लागतं.’ मला ते पटायलाही लागलं होतं!

मग आली टेअरची मागणी. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर येतो, ऊस टाकायच्या गव्हाणीकडे जातो, रिकामा होऊन दोन-तीन तासांनी परत काट्यावर येतो. तेव्हा त्याच नोंदीत रिकामं वजन भरायचं. म्हणजे फाइलच्या मध्ये जाऊन लिहायचं. ओळींऐवजी ठरावीक लांबीच्या नोंदी केल्या, त्यात क्रमांक आणि वजनं थेट पूर्णांक म्हणून. ए-अधिकने उघडून, फाइलमध्ये हव्या जागी नेणाऱ्या एफसीकने नेमक्या जागी गेलो, तरी वजन फाइलच्या शेवटीच जाऊन बसलं. ए मोडमध्ये तुम्ही कुठेही उडी मारा, लिखाण शेवटालाच होतं. म्हणून आर-अधिक. तो फाइल नसेल तर बनवत नाही, म्हणून सकाळच्या पहिल्या पावतीला नल आला की डब्ल्यू-अधिकने बनवायची. वाचून झाल्यावर लिहिण्याआधी मध्ये एफसीक हवाच, हे मॅन्युअलमध्ये वाचून आधीच घातलं होतं. ऑफिसात आठ नोंदी टाकून तपासलं. सगळं बरोबर.

काट्यावर अकराव्या ट्रॅक्टरला घोळ झाला. भरलेलं वजन 21,340 किलो, रिकामं 4,800. पडद्यावर रिकामं दिसलं 18 किलो, आणि भरलेलं उणे 107 कोटी. त्याच दिवशी शेतकी ऑफिसातून निरोप: गाड्या शंभराच्या वर आल्यात, तुमच्या रिपोर्टमध्ये पंचवीसच कशा?

फाइल बाइट-बाइट उघडून बसलो. दहाव्या नोंदीत क्रमांकाच्या जागी 10 हवा होता, तिथे 13 आणि 10 असे दोन बाइट. मोडमध्ये बी, म्हणजे बायनरी, लिहिला नसेल तर विंडोजवर प्रवाह मजकुराचा धरला जातो. मजकुरात 10 म्हणजे ओळीचा शेवट, आणि त्याच्याआधी लायब्ररी स्वतःहून 13 घालते. माझा क्रमांक दहा तिच्या लेखी नवी ओळ होता. त्या एका बाइटने अकरावीपासून सगळ्या नोंदी पुढे सरकल्या, पण मी गुणाकाराने काढलेली जागा तिथेच राहिली. रिकामं वजन एक बाइट आधी पडलं आणि त्याचं पहिलं टोक भरलेल्या वजनात घुसलं.

आणि पंचवीस? 26 हा बाइट म्हणजे कंट्रोल-झेड, सीपी-एम आणि डॉसच्या काळापासूनची फाइल संपल्याची खूण. मजकूर म्हणून वाचताना तो दिसला की विंडोजची लायब्ररी सांगते, संपलं. सव्विसाव्या पावतीचा क्रमांकच 26. तिच्यामागे ऐंशी नोंदी उभ्या होत्या, पण वाचणाऱ्याला दारातच कुलूप. लिनक्सवर बीने काही फरक पडत नाही, तिथे हे सगळं झालंच नसतं. पण काट्यावर विंडोज होतं.

आर, अधिक, बी. तिसरं अक्षर घातलं, आधीची फाइल दुरुस्त करायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच काट्यावर जाऊन बसलो. मामांना सगळं समजावलं नव्हतं, एवढंच म्हणालो होतो की सव्विसावी पावती निघाली की रिपोर्ट काढून बघा.

मी ती कंपनी सोडून बरेच दिवस झाले. गव्हाणीत हंगामाची पहिली मोळी पडली की त्या दिवशी सकाळी मामांचा फोन येतो. मागून ट्रॅक्टरचा आवाज, आणि मामा ओरडून सांगतात, ‘साहेब, सव्वीस झाली. पुढं चाललंय.’