आमची वाटचाल : पंचगंगेकाठचे नकाशे

२०१२ साली भाड्याच्या टोटल स्टेशनवर, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्रावर, आमची फर्म सुरू झाली. कोल्हापुरात तेव्हा एन.ए. ले-आउटची, म्हणजे बिगरशेती जमिनीच्या आखणीची, कामं भरपूर होती. प्लॉट पाडायचे, ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग करून द्यायचं, बिल घ्यायचं. प्रादेशिक योजना, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा सरकारी आराखडा, हा शब्द आम्हाला झोन दाखल्यापुरताच माहीत.

जीआयएसकडे, म्हणजे जागेच्या माहितीशी जोडलेल्या संगणकी नकाशांकडे, वळलो ते पुण्याच्या एका सल्लागार कंपनीमुळे. त्यांना गावनकाशे डिजिटाइज करून हवे होते आणि दर इतका पडेल होता, की मोठ्या कुणी त्याला हातही लावला नसता. सॉफ्टवेअरला पैसे नव्हते, म्हणून क्यूजीआयएस घेतलं. फुकट म्हणून घेतलं, चांगलं म्हणून ठेवलं.

स्कॅन केलं आणि रेघा मारल्या की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण प्रत्येक गावाची मोजणी स्वतंत्र झालेली, तीही तेहतीस फुटी साखळीनं, जिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणतात. शेजारची दोन गावं पडद्यावर जोडून ठेवली की शीव काही जुळत नाही. कुठे मध्ये फट राहते, कुठे एकाचा गट दुसऱ्याच्या अंगावर चढतो. मग गावात जायचं, जुन्या माणसांना सोबत घ्यायचं, शिवेचा दगड, विहीर, देवळाचा कोपरा शोधून तिथले बिंदू घ्यायचे आणि त्यांवर नकाशा बसवायचा. एवढं झाल्यावर प्रत्येक गटाचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघायचं. न जुळणाऱ्या गटांची यादी हीच आमची पहिली ‘डेटा अ‍ॅनालिटिक्स’. एसीत बसून हे होत नाही, आणि आमचं पोट त्यावरच चाललं.

२०१७ मध्ये कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीच्या वादातून ४२ गावांचं कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. हद्दवाढ हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही आमच्याकडे नकाशे मागायला येत. आम्ही दोघांनाही एकच नकाशा देत होतो!

खरं वळण २०१९ च्या पुरानं दिलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्या. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. त्यानंतर जो येई तो एकच विचारी, माझा गट पूररेषेत येतो का?

पूररेषा ठरवणं जलसंपदा विभागाचं काम. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आम्ही त्या रेषा गटांच्या लेयरवर ठेवून कुणाचे किती गुंठे आत जातात ते काढतो. ऐकायला सोपं वाटतं. पण इशारा आणि धोका यांत फरक चार फुटांचा, म्हणजे सव्वा मीटरच्या आत, आणि उपग्रहावरून मोजलेली जमिनीची उंची फुकट मिळते, तिच्यात चूकच काही मीटरची. तिच्यावर पाण्याची पातळी टाकून रंगीत नकाशे करणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. उपग्रहाच्या साध्या चित्रात ऑगस्टमध्ये नुसते ढग. रडार ढगांतून बघतं, पण उभ्या उसाखालचं पाणी त्यालाही नीट दिसत नाही, आणि आमच्याकडे नदीकाठ म्हणजे ऊसच. म्हणून आम्ही भिंतींवरच्या पुराच्या खुणांना लेव्हल लावली, म्हणजे त्यांची उंची यंत्रानं मोजली. आंबेवाडी-चिखलीकडे घराघरांत पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं ते बायकांना तोंडपाठ असतं. दोन शेजारणींची पायरी जुळली की तो बिंदू पक्का धरायचा.

लोकसंख्येचंही तसंच. योजना करणारे अजून २०११ च्या जनगणनेवरून अंदाज बांधतात, पण शहराला चिकटलेली गावं तेव्हाची राहिलेलीच नाहीत. सूत्रांपेक्षा माझा विश्वास ग्रामपंचायतीच्या नळजोडण्यांच्या वहीवर जास्त. उपग्रहाच्या चित्रातून मोजलेल्या छपरांशी ती वही ताडली की गाव कुठल्या बाजूला सरकतंय ते कळतं. बैठकीत मात्र गोल गोल चकत्यांचा डॅशबोर्ड मागतात. तोही करून देतो, त्याचं बिल लवकर निघतं. बाकीची बिलं एका कार्यालयातून दुसऱ्या आर्थिक वर्षात जातात, त्याबद्दल काय बोलायचं.

२०२१ च्या फेब्रुवारीत केंद्रानं भूस्थानिक माहितीवरची बंधनं सैल केली, त्यामुळे परवानग्यांची कटकट पुष्कळ कमी झाली. आता रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या संकेतांवरून बिंदूची जागा सांगणारं यंत्र, स्वतःचा आहे, हप्ते चालू आहेत. भूगोलात एम.ए. केलेली दोन मुलं आणि सिव्हिल डिप्लोमावाली एक मुलगी कामाला आहेत. योजनेवरच्या हरकती-सूचनांच्या दिवसांत शेतकऱ्याला त्याच्या गटाचा नकाशा आम्ही छापून देतो. त्याचे पैसे घेत नाही. हा मोजणीचा कागद नव्हे, तो भूमी अभिलेखकडूनच घ्या, हेही सांगतो.

शनिवारी दुपारी आणखी एक काम चालतं. निळ्या रेषेच्या आत मुरूम टाकून किती जागेवर भराव पडला, ते वर्षावर्षांची चित्रं एकमेकांवर ठेवून काढतोय. त्याला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही.