बतावणीतला दुसरा

आज डोक्यात बतावणीच घोळतेय. तमाशात गण म्हणजे गणपतीचं स्तवन झालं, कृष्ण आणि गवळणींची गौळण झाली, की वगाच्या, म्हणजे मुख्य कथानाट्याच्या, आधी दोन माणसं पुढे येतात आणि नुसत्या बोलण्यावर दहा-पंधरा मिनिटं फड पेलतात, ती बतावणी. लिहून ठेवलेलं त्यात फार थोडं. कौतुक होतं ते सोंगाड्याच्या, म्हणजे विनोदी नटाच्या, हजरजबाबीपणाचं, आणि ते व्हायलाच हवं. पण त्याच्या शेजारी उभा राहून «बरं, मग?» म्हणणारा जो दुसरा असतो, त्याचं काम जास्त अवघड आहे असं माझं पक्कं मत आहे.

त्याचं काम म्हणजे शेवटचा शब्द उचलायचा.

«काय करतोस?»
«धंदा.»
«धंदा! कशाचा?»
«उधारीचा.»
«उधारीचा?»
«हां. लोकांकडून घ्यायची.»
«घ्यायची. आन् द्यायची कवा?»
«ते खातं येगळं हाय.»

यातलं मधलं «उधारीचा?» काढलं तर विनोद उभाच राहत नाही. त्या एका शब्दात तीन कामं होतात. मागच्या रांगेला पहिल्यांदा न ऐकू आलेला शब्द पुन्हा मिळतो, सोंगाड्याला पुढचं सुचायला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न कुणीतरी त्याच्या वतीने विचारतो. शाहिराच्या मागे सूर धरणारे झीलकरी नेमकं हेच करतात. शाहीर ओळ टाकतो, ते तिचं शेपूट धरून «जी जी रं जी» ओढतात, तेवढ्यात शाहिराचा दम भरतो आणि पुढची ओळ जुळते. झील धरायला शिकलेला माणूस बतावणीत चांगला दुसरा होतो, तो यामुळेच.

दुसरा चुकतो कुठे? «उधारीचा कुठं धंदा असतो का, खोटं बोलतोस» असं म्हणाला की संपलं. सोंगाड्याला आता धंदा खरा आहे हे पटवत बसावं लागतं, आणि गाडी जागेवरच रुतते. सोंगाड्या जे म्हणेल ते मान्य करून पुढे विचारायचं. एका वेळी एकच प्रश्न. दोन विचारले की सोंगाड्या सोपा प्रश्न घेतो आणि चांगला वाया जातो. आणि हसायचं अजिबात नाही. दुसरा गंभीर आहे तोवरच पहिला वेडा दिसतो.

तिसरा गडी ढोलकीवाला. विनोद पडला की एक थाप, ती शेवटचं अक्षर पूर्ण सुटल्यावर. अक्षरावरच पडली तर शब्द गिळला जातो, उशिरा पडली तर हशा वर आलेला असतो आणि थाप त्याला दाबून टाकते. प्रत्येक विनोदाला थाप देणाऱ्याला वेळीच थांबवावं. चौथ्या थापेला तिचा नुसता आवाज उरतो.

सुरुवातीच्या ढोलकी-हलगीच्या जुगलबंदीलाही हाच कान लागतो. हलगीने आठ मात्रांचा तुकडा टाकला की ढोलकीने त्याचं शेपूट उचलून आठ मात्रांत उत्तर द्यायचं. मग चार-चार, मग दोन-दोन, शेवटी दोघांची एकत्र तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा. उत्तर देण्याऐवजी स्वतःचा नवाच तुकडा वाजवला, की दोन माणसं दोन ठिकाणी वाजवताहेत असं ऐकू येतं. दुसरा धोका लय चढण्याचा. तुकडे लहान होतात तसे हात पळतात. म्हणून मंजिरीवाल्याने दोघांच्या हातांकडे न बघता आपला ठेका धरून राहायचं. उघड्यावर दव पडायला लागलं की हलगीचं कातडं सैल होऊन बद्द वाजतं, ती अधूनमधून शेकून घ्यावी लागते. फार जवळ धरली तर कातडं तडकतं.

आयत्या वेळचं म्हणून काहीच ठरवायचं नाही असं नसतं. चार खुंट्या पक्क्या लागतात: कोण आहोत, कुठे निघालो, काय हवंय, आणि सुटायचं वाक्य कोणतं. मधलं सगळं मोकळं. नावाजलेले सोंगाडे दादू इंदुरीकर यांच्या «गाढवाचं लग्न» वगाचंही तसंच. कथेचा सांगाडा ठरलेला आणि सावळ्या कुंभाराच्या तोंडी पुष्कळसं त्या रात्रीचं. 1973 साली त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा या न लिहिलेल्या कलेचाच मान झाला असं मी मानतो.

मोकळ्या भागाचा कच्चा माल गावातूनच घ्यायचा. खेळाआधी यात्रा कमिटीच्या माणसाला विचारून ठेवावं: ग्रामदैवत कोणतं, शेवटची एसटी किती वाजता, कांद्याला यंदा काय भाव मिळाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बोलायचं नाही ते. अलीकडे कुणाच्या घरी मयत झालीय का, भावकीत कोर्टकचेरी चालू आहे का. प्रेक्षकांतून कुणी ओरडला तर त्याचे शब्द दुसऱ्याने मोठ्याने पुन्हा म्हणावेत, सोंगाड्याने एकदाच उत्तर द्यावं आणि लगेच खुंटीवर यावं. दुसऱ्यांदा उत्तर दिलं की ओरडणारे दहा होतात.

आणि सुटायचं वाक्य. ते शब्दाला शब्द तेच हवं, कारण ढोलकीवाला त्यावरच गाणं उचलतो. सोंगाड्या काळी एकच्या पट्टीत (पेटीच्या त्या सुरात) गाणारा आणि पुढची लावणी काळी चारच्या पट्टीत असेल, तर दोन पट्ट्यांच्या दोन ढोलक्या आधीच लावून शेजारी ठेवलेल्या असतात. ढोलकी बदलायला चार-पाच सेकंद लागतात. दुसऱ्याने ते वाक्य येताना ओळखावं आणि एक जास्तीचं «आँ? काय म्हणालास?» टाकावं. तेवढ्यात ढोलकी बदलून होते, तुणतुण्याचा सूर लागतो, आणि सोंगाड्या तेच वाक्य पुन्हा म्हणतो तेव्हा थाप बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते.