सिगारेटशिवाय गरवणं: पहिली दोन उधाणं

मंडळी, या खेपेच्या नोंदीत मासे कमी आणि धूर जास्त आहे. अमावास्येच्या उधाणाला सिगारेट बंद केली, आता पौर्णिमेचं उधाण उतरतंय. गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची ठिकाणं आपली नेहमीचीच, रत्नागिरीतली: भाट्ये पुलाखालची खाडी, मांडवीची जेटी आणि मिऱ्याचा बंधारा. ज्यांना सोडायची आहे त्यांनी सगळं वाचा. बाकीच्यांनी थेट तांबोशी माशाच्या गोष्टीवर उडी मारलीत तरी राग नाही.

सोडण्याआधी एक भांगभर (दोन उधाणांमधले कमी भरतीचे दिवस) मी नुसतं स्वतःवर लक्ष ठेवलं. कधी पेटवतो? आमिष घेऊन निघताना टपरीवर. पहिला टाका गेला, म्हणजे गळ पाण्यात फेकला, आणि रॉड स्टँडला लावला की लगेच. केंड माशाने आमिषाची कोळंबी साफ करून गरी रिकामी परत पाठवली की रागाने. मासा लागला की आनंदाने. बाजूचा पेटवतो म्हणून. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, पण माझा हात दर दहा-पंधरा मिनिटांनी खिशाकडे वळायचा. म्हणजे यातली बरीचशी मागणी रक्ताची नव्हतीच, रिकाम्या हाताची होती. रक्ताची तलफ दिवस भरले की आपोआप खाली येते. हाताच्या तलफेला काम नेमून द्यावं लागतं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

अमावास्या निवडली ती मुहूर्त म्हणून नव्हे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. अमावास्येच्या आसपास भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळी कामावरून सुटावं तर खाडी सुकलेली. गरवायला जायचा प्रश्नच नाही. निकोटीन तुटल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, ते असे सुकतीत घालवायचे आणि सप्तमी-अष्टमीला पाणी संध्याकाळी भरायला लागलं की बाहेर पडायचं, असा बेत. रात्री बाराची भरती मुद्दाम सोडली. तशीही झोप धड लागत नव्हती आणि लागली तर स्वप्नं भलतीच पडत होती. घरातल्या माणसांशी मी या दिवसांत कसा बोललो ते इथे लिहीत नाही.

या दिवसांत उपयोगी पडली ती एफजी नॉट ही गाठ. तलफ आली की ती चढते, टोकाला जाते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा, बस्स. आता ब्रेडला (रिळावरच्या विणलेल्या दोरीला) लीडर (गरीकडचा जाड दोरा) जोडायची ही गाठ आठवा. ब्रेडचं एक टोक दातात, दुसरं गुडघ्याखाली ताणलेलं. लीडरवर एकदा वरून, एकदा खालून असे विसेक वेढे. प्रत्येक वेढा आधीच्याला घट्ट चिकटून बसला पाहिजे. एक जरी दुसऱ्यावर चढला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. मग हाफ हिच (साधे फास), मग थुंकी लावून हळूहळू ओढायचं, ब्रेडचा रंग गडद होईपर्यंत. दोन्ही हात गुंतलेले, तोंड गुंतलेलं, श्वास नाकानेच. यात सिगारेट शिरणार कुठून? तलफ आली की मी गाठ बांधायला बसायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीला लीडरच्या तुकड्यांची झालर लागली. पूर्वी वाऱ्यावर ही गाठ बांधायची म्हटलं की मी टाळायचो, आता भाट्याच्या पुलाखाली हेडलँपच्या उजेडात सरळ बांधतो.

लायटरचा घोळ मात्र अस्सल आपला आहे. सोडणाऱ्यांना सगळे सांगतात, लायटर फेकून द्या. आपण तो लीडरचं टोक वितळवून त्याला बोंड करायला वापरतो, त्यामुळे तो डब्यात राहतोच. मी तो काढून तिथे नेलकटर ठेवला. एफजीला बोंडाची गरजच नाही, हाफ हिच नीट बसल्या की टोक गाठीलगत कापलं तरी चालतं.

चहाबद्दल थोडं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, वाटलं निकोटीन मागतंय. काही अंशी तो चहाचा प्रताप होता. सिगारेटच्या धुराने यकृत कॅफिनचा निकाल भराभर लावत असतं. धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. म्हणजे चहा तेवढाच, पण चढतो जास्त. मी निम्म्यावर आलो आणि फरक पडला.

निकोटीनच्या गमचंही सांगतो, कारण निम्मे लोक ती चिकलेटसारखी चघळतात आणि मग म्हणतात, काही होत नाही, नुसती उचकी लागते. सावकाश चावायची. तिखटसर चुणचुण सुरू झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. निकोटीन तोंडातूनच शोषलं जातं, गिळलं की वाया. आणि तोंड आंबट असेल तर ते शोषलंच जात नाही. आता कोकणात आंबट टाळायचं म्हणजे काय टाळायचं नाही सांगा! कोकम सरबत, सोलकढी, कैरी, सगळंच गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना बंद. किती मिलिग्रॅमची घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, आपल्या ग्रुपला नको. शिवाय पाकिटावर १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा फुकटचा नंबर छापलेला असतो. इतकी वर्षं पाकीट हातात होतं, पण वाचला कुणी?

अष्टमीला भाट्याला गेलो. आमिष पुलाजवळून न घेता मिरकरवाड्याहून घेतलं, कारण पुलाजवळ टपरी लागते. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, ते टपरीवरच्या बरणीला अजून कळलेलं नाही, आणि आपला घात त्या सुट्टीनेच होतो. अख्खं पाकीट घेताना माणूस विचार तरी करतो. सुट्टी मागताना तोंड आपोआप उघडतं.

पाणी सहाला भरलं. रॉड स्टँडला न लावता हातातच धरला, बोट ब्रेडवर. हा बदल ठरवून केला आणि तो फळला. टोकाच्या घंटीवर विसंबून असताना जे ठोके निसटायचे ते बोटाला कळायला लागले. मुडदुशी चांगल्या मिळाल्या, एक शेंगाळा, बाकी केंडांची मेजवानी. जेटीवर नेहमी भेटणारे एक काका जवळ येऊन बसले.

"काय हो, आज धूर नाय?"

"सोडली, काका."

"बरं केलंत. मग ही घ्या चिमूटभर," म्हणून त्यांनी मळलेल्या तंबाखूचा हात पुढे केला.

प्रेमाने केला, म्हणून नाही म्हणणं जास्त जड गेलं. पण तंबाखू, मिश्री, काहीही घेतलं तरी निकोटीन तेच. मी त्यांना भाजलेले काजू दिले. त्यांनी ते खाल्ले आणि वर तंबाखूही घेतली.

पैसे वाचतात असं सगळे सांगतात. वाचत नाहीत, पॉपरमध्ये (पाण्यावर उडवायच्या नकली आमिषात) जातात.

आता तांबोशी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे, मिऱ्याच्या बंधाऱ्यावर, पाणी चढतं. जिवंत कोळंबीवर खडकालगत घेतली आणि सरळ दगडात घुसायला निघाली. रिळाचा ड्रॅग (दोरी सुटायचा ब्रेक) आवळून रेटून बाहेर काढली. वजनकाटा घरी राहिलेला, पण मनगटापासून कोपराच्या पुढेपर्यंत भरली. लीडर जागोजागी खरवडलेला, गाठ जशीच्या तशी.

आणि मासा दगडावर आला त्या क्षणी जी तलफ आली ती पहिल्या तीन दिवसांतही आली नव्हती. बाजूच्या पोराने पाकीट पुढे केलं, "दादा, आता तर पायजेच." हात चिकट, छाती धडधडतेय, आणि डोकं सांगतंय की हिच्यासाठी नाही तर कशासाठी. यावरचा तोडगा आधीच ठरवून ठेवला होता, नाहीतर मी गेलोच होतो. मासा लागला की ताबडतोब कल्ले कापायचे, बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात रक्त उतरू द्यायचं, मग बर्फ फोडून पेटीत वर-खाली बर्फ घालून आडवी ठेवायची, सुरी धुवायची, हात धुवायचे. हे सगळं होईपर्यंत पोराची सिगारेट संपली होती. रक्त वेळेवर उतरवलेल्या तांबोशीचं कालवण कसं लागतं ते ज्यांनी खाल्लं त्यांना विचारा. एवढी वर्षं तेवढा वेळ मी धूर सोडत बसायचो आणि मासा उन्हात.

खोकला मात्र वाढलाय. फुप्फुसं साफ होताना काही आठवडे तसं होतं म्हणतात, पण लांबला तर दाखवून येणार.

पुढच्या भांगेला होडी ठरली आहे, पूर्णगडच्या बाजूला. जे येणार आहेत ते जवळजवळ सगळे ओढणारे. मी नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला), वाऱ्याच्या तोंडाला बसणार. ज्याला पेटवायची असेल त्याने इंजिनापासून लांब, पण माझ्या खालच्या वाऱ्याला बसावं. आणि कुणाकडे जाड लीडरचं अर्धं रीळ पडून असेल तर घेऊन या, माझं सगळं खिडकीला लटकलंय.