ओटिग्बा स्ट्रीटवरचा कपॅसिटर

नायजेरियातल्या लागोसच्या आमच्या कारखान्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. ‘नेपा’ या वीज कंपनीचं नाव २००५ मध्येच बदललं, २०१३ मध्ये वितरण खासगी झालं, तरी शिव्या अजून नेपालाच. त्या दिवशी लाईट गेली, जनरेटर चालू झाला, पण पॅकिंग लाईनच्या ड्राईव्हचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डब्याचा, डिस्प्ले काही उजळेना. नवा मागवायचा तर लाईन तोवर ठप्प. ड्रायव्हर म्हणाला, इकेजाच्या कंप्युटर व्हिलेजला चला.

तिथे मुख्यतः फोन-लॅपटॉपचा बाजार. तिथली ओटिग्बा स्ट्रीट ही मूळची राहत्या घरांची गल्ली. आता छत्र्यांखाली टेबलं, टेबलांवर हॉट एअर गन आणि पावलोपावली ‘ओगा (साहेब), काय हवंय?’ मुंबईचा लॅमिंग्टन रोड कोळून प्यायलेला माणूसही इथे जरा बावचळतो.

मेकॅनिकने ड्राईव्ह उघडता उघडता एकच विचारलं, ‘चालता चालता मेला, की लाईट गेल्यावर उठलाच नाही?’ उठला नाही म्हटल्यावर त्याचं बोट थेट पॉवर सप्लायमधल्या करंगळीच्या नखाएवढ्या कपॅसिटरवर. सप्लायचा आयसी (चिप) सुरू होताना याच्यावर अवलंबून. उष्णतेने हा आतून वाळत जातो; सप्लाय चालू असेतोवर निभतं, एकदा बंद झाला की पुन्हा सुरू होत नाही. कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर लावला. गेलेला!

शेजारच्या दुकानातून मी नवे आणले. त्याने मोजले आणि बाजूला सारले. हाताखालच्या पोराने पोत्यातून एक तोकुन्बो, म्हणजे परदेशात वापरून इथे आलेला, बोर्ड काढला आणि त्यातला जपानी, १०५ डिग्री तापमानापर्यंत चालणारा कपॅसिटर उतरवला. तो मीटरवर नव्यांपेक्षा सरस! परचेसवाल्यांना हे कसं पटवायचं, देव जाणे. (पोराला पगार नाही. काही वर्षं उस्तादाकडे काढली की उस्तादच भांडवल देऊन त्याला दुकान थाटून देतो, ही इथल्या इग्बो समाजातल्या व्यापाऱ्यांची रीत.)

मग सिरीज लॅम्पमधून, म्हणजे मध्ये बल्ब जोडून, सिंगल फेज दिला. ड्राईव्ह थ्री फेजचा, त्यामुळे डिस्प्लेवर ‘अंडरव्होल्टेज’ फॉल्ट. एरवी फॉल्ट दिसला की मी कपाळाला हात लावतो. इथे डिस्प्ले उजळला म्हणून जीवात जीव आला.

पैसे मोजताना त्याने विचारलं, ‘याच वयाचे अजून आहेत?’

‘दोन.’

‘मग लाईट जायची वाट कशाला बघता?’

तो अख्खा तोकुन्बो बोर्डच विकत घेतला. रविवारी लाईन बंद ठेवून उरलेल्या दोन्ही ड्राईव्हचे कपॅसिटर बदलले.