बूट बरोबर आणा

तीन शब्द होते: ‘बूट बरोबर आणा.’ पाऊल उचलून धरणाऱ्या प्लास्टिकच्या आधारासाठी पायाचं माप घेतलं त्या दिवशी हे तीन शब्द मला कुणी सांगितले असते, तर तीन हेलपाटे, अडीच हजारांचे बूट आणि महिनाभराची चिडचिड वाचली असती. आता चालणं बरंच सुधारलंय, पण तो राग काही अजून उतरलेला नाही. म्हणून लिहून टाकतो.

मी शिक्षक, नाशिकला राहतो. धाकट्या भावाची शेती निफाडकडे. जानेवारीत त्याची उन्हाळ कांद्याची लागवड मजुरांवाचून अडली होती, म्हणून शनिवार-रविवार आम्ही नवरा-बायको गेलो. रोपं लावणाऱ्या बायकांच्या रांगेत मीही हौसेनं उकिडवा बसलो, दोन दिवस. रविवारी संध्याकाळी बांधावरून परतताना मागून एका मावशींनी हाक मारली, “गुरुजी, चप्पल मागंच राहिली की तुमची!” मला पत्ताच नव्हता. पावलावर चिखल वाळल्यासारखं बधिर वाटत होतं, एवढंच.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यातून चाललो तर डावं पाऊल फटक् फटक् आपटायला लागलं. टाच टेकायची आणि पुढचा पंजा आपोआप खाली पडायचा. उचलायला गेलो तर उचलेना. मग पायरी चढल्यासारखा गुडघा वर घेऊन चालायचं, नाहीतर अंगठा फरशीत अडकून तोंडावर पडायची वेळ. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेचं सुपरव्हिजन मी असंच केलं. माझ्या प्रत्येक फटक्‌ला अर्धा वर्ग मान वर करायचा.

डॉक्टरांनी गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं हाडाची छोटी गाठ हाताला लागते, आणि पाऊल वर उचलणारी नस तिला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दाबली जाते. मी विचारलं, त्या बायका तर जन्मभर तशाच बसतात, मग मलाच का? ते म्हणाले, एक तर सवय नाही, दुसरं म्हणजे साखर आहे, आणि तिसरं म्हणजे वर्षभरात तेरा किलो वजन उतरवलंत, नसेवरची चरबीची गादीच गेली. (याच तेरा किलोंसाठी स्टाफरूममध्ये माझा नारळ देऊन सत्कार झाला होता.) तीन आठवडे थांबून नसेची तपासणी झाली. नस दाबली गेली होती, तुटली नव्हती, पण आतल्या काही तंतूंना इजा होती. ते पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. तोवर पाऊल धरून ठेवायला एएफओ घाला, असं सांगितलं. म्हणजे पोटरीमागून येऊन तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा आधार. आमच्याकडे जुनी माणसं अशा सगळ्याच गोष्टींना कॅलिपर म्हणतात. आईही तेच म्हणाली आणि रडली. पोलिओ झालेल्या तिच्या मामेभावाचं लोखंडी कॅलिपर तिला आठवलं होतं. माझा आधार दाखवल्यावर म्हणाली, “हा तर डब्याच्या झाकणासारखा आहे!”

आधी सर्जिकलच्या दुकानातून सातशे रुपयांचा तयार आणला. त्यात टाच निसटायची, आणि दुसऱ्या दिवशी घोट्याला फोड आला. साखर असलेल्या माणसाला पायाचा फोड परवडत नाही. तो माळ्यावर टाकला आणि मापाचा बनवायला निघालो.

आता मूळ दुखणं.

जिथं बनवायचा ती जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ज्यांना धड चालता येत नाही अशाच लोकांनी तिथं जायचं असतं, हे जिना बांधणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. माप घेणाऱ्या मुलाचा हात मात्र सुरेख होता, हे कबूल करतो. पायावर पातळ मोजा चढवला, हाडाच्या उंचवट्यांवर ओल्या पेन्सिलीनं खुणा केल्या, पुढून एक रबरी नळी ठेवली आणि प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. पाऊल काटकोनात धरून बसला. घट्ट झाल्यावर नळीवरून चिरा देत साचा अलगद काढला. आता यात प्लॅस्टर ओतून पायाची प्रतिकृती करायची, तिच्यावर भट्टीत तापवलेली पॉलिप्रॉपिलीनची शीट चढवायची, हवा ओढून ती चिकटवायची आणि कडा कापायच्या, असं त्यानं समजावलं. मला शिकवायला आवडतं तसं त्याला सांगायला आवडत होतं. सगळं सांगितलं. बुटाचं सोडून.

“आठ दिवसांनी या सर.”

आठ दिवसांनी गेलो, तर शीट संपली होती. पुढच्या मंगळवारी गेलो, तर भट्टी दुरुस्तीला गेली होती. “फोन करून यायचं ना सर.” फोन मी केला होता, चार वेळा. कुणी उचलला नव्हता. रजिस्टरवाले काका प्रत्येक वेळी माझं नाव नव्यानं लिहून घ्यायचे, जणू मी आजच उगवलोय.

मार्चअखेर ट्रायल झाली. मुलानं आधार चढवला, पट्टे ओढले आणि म्हणाला, चाला. गुळगुळीत टाइल्स, पायात बूट नाही, तळव्याखाली नुसतं प्लास्टिक. चौथ्या पावलाला घसरलो, टेबल धरलं म्हणून वाचलो. “छान चालताय,” तो म्हणाला. साडेचार हजारांची पावती घेऊन घरी आलो. (मेडिक्लेमकडे पाठवून पाहिली. बाहेरून वापरायचं साधन पॉलिसीत बसत नाही, असं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तेवढं काम मात्र वेळेवर झालं.)

घरी आधार घालून बूट चढवायला बसलो. एकही जाईना. ऑफिसचे नाहीत, लग्नाचे नाहीत, पावसाळ्यातले नाहीत. सँडलमध्ये जाईल असं वाटलं, तर पट्टाच पुरेना. मग एक नंबर मोठे स्पोर्ट्‌स शूज घेतले, अडीच हजारांचे, मऊ, जाड टाचेचे. पाय गेला! बायको म्हणाली, “अहो, चाललात की सरळ!” फटक् थांबलं होतं, अंगठा अडकत नव्हता. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. येताना मांडी भरून आली. प्रत्येक पावलाला कुणीतरी गुडघ्यात मागून चापट मारतंय असं वाटायचं. मला वाटलं, सवय नाही. आठवडाभर सवय करत राहिलो. जिना उतरताना दोनदा गुडघा असा वाकला की कठडा नसता तर खालीच गेलो असतो.

पुन्हा दुसरा मजला. मुलानं बूट हातात घेऊन उलटासुलटा केला आणि अगदी सहज म्हणाला, “बुटाची टाच उंच आहे ना, म्हणून. मापाच्या दिवशी बूट बरोबर आणायचा असतो सर.”

मी शाळेत आवाज चढवत नाही. तिथं चढवला. “कुणी सांगितलं होतं?” तो रजिस्टरवाल्या काकांकडे बघतो, काका त्याच्याकडे बघतात. शेवटी काका म्हणाले, “सगळे आणतातच.” बाकावर पाच माणसं बसली होती. चौघांच्या पायात चपला होत्या, पाचवा अनवाणी.

गोष्ट साधी आहे. आधार काटकोनात घट्ट केलेला असतो, घोट्यात वाकत नाही. बुटाची टाच पंज्यापेक्षा सेंटीमीटरभर जरी उंच असली, तरी अख्खी नडगी पुढं झुकते आणि गुडघा वाकायला बघतो. बूट समोर असता तर माप त्याच्या उंचीनं घेता आलं असतं. “आता?” म्हटलं. “मोठे सर गुरुवारी येतात.” गुरुवारी मोठे सर आले नाहीत.

मला सोडवलं ते फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. त्यांनी मला टाचा उचलून चवड्यांवर उभं केलं आणि म्हणाल्या, “काका, तुमच्या पोटरीत ताकद आहे, नुसतं पाऊल वर येत नाही. तुम्हाला इतका कडक आधार दिलाच कशाला?” माझ्या आधाराच्या कडा घोट्याची दोन्ही हाडं झाकून पुढं आल्या होत्या. त्या हाडांच्या मागं कापल्या की प्लास्टिक घोट्यापाशी अरुंद होतं, पट्टीसारखं थोडं लवतं, पाऊल उचलून धरतं आणि गुडघ्याला ढकलत नाही. त्यांनी दोन ओळींची चिठ्ठी दिली. ती पाहून त्या मुलानं खुणा केल्या, कटर फिरवलं, कडा घासल्या. दहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. घोट्याचं टोचणंही त्याच दहा मिनिटांत गेलं. तेव्हा तुमच्या कागदावर नुसतं ‘एएफओ’ लिहिलं असेल, तर कडक की लवचिक हे लिहून घेतल्याशिवाय डॉक्टरांच्या खोलीतून उठू नका. कुणाला कडकच लागतो. पाऊल ताठ होऊन आत वळत असेल तर माझ्यासारखा लवचिक आधार चालत नाही. ते आपण ठरवायचं नाही.

बुटाचा तोडगा शाळेतच निघाला. पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, तळ सपाट. एक नंबर मोठा जोड घेतला आणि कोपऱ्यावरच्या मोचीदादांकडे गेलो. त्यांनी डाव्या बुटाची शिवण पंज्यापर्यंत उसवली, तोंड मोठं केलं आणि नाड्यांच्या जागी वेल्क्रो लावला. आतलं सोल काढून ठेवत होतो, तर म्हणाले, “फेकू नका मास्तर, उजव्यात टाका.” उजवा बूट सैल होत होता तो घट्ट झाला, आणि प्लास्टिकमुळे डावा पाय जो किंचित उंच झाला होता, त्याचीही बरोबरी झाली. मजुरी ऐंशी रुपये. अडीच हजारांचे शूज आता भाचा घालतो.

पहिल्या दिवसापासून दिवसभर घालू नका, हे सांगायचं राहिलं. मी तासाभरापासून सुरुवात केली आणि दोन आठवड्यांत शाळेच्या वेळेपर्यंत आलो. काढल्यावर कातडीवर लाल खुणा दिसतात, त्या वीसएक मिनिटांत गेल्या तर ठीक. राहिल्या तर तिथं टोचतंय, कापूस कोंबत बसू नका, परत जा. साखर असेल तर रोज रात्री तळवा आरशात बघा, बधिर पायाला फोड कळत नाही. आधार घालून अनवाणी कधीच चालायचं नाही. मी घरात वापरायला कॅनव्हासचा वेगळा जोड ठेवलाय. आईला पहिले चार दिवस घरात बूट खपला नाही, आता तीच पुसून देते. देवळात मात्र पंचाईत होते. मी बाहेर पायरीवर बसतो आणि बायको प्रसाद आणते. लग्नात पंगतीऐवजी टेबल मागून घेतो. मोटरसायकल बंद आहे, कारण वरचा गिअर टाकायला पंजाच उचलत नाही. बायकोची स्कूटी चालवतो.

आणि हा आधार म्हणजे उपचार नव्हे. आधाराच्या भरवशावर पोटरी आखडून बसू शकते, म्हणून टॉवेल पंज्याला अडकवून ताण देण्याचा व्यायाम मॅडमनी रोज लावून दिलाय. पायावर पाय टाकून बसणं बंद. कांद्याच्या वाफ्यात उतरणंही बंद, हे भावजयीनं परस्पर जाहीर केलं.

जूनमध्ये आधाराचा पट्टा बदलायला गेलो, तेव्हा मी घरून कागद लिहून नेला होता. मोठ्या अक्षरात, फळ्यावर लिहितो तसा: ‘मापासाठी येताना रोज वापरायचे बूट बरोबर आणा.’ काकांनी वाचला, “छान अक्षर आहे,” म्हणाले, आणि माझ्यासमोरच दारावर चिकटवला. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा टेपचे चार तुकडे दारावर होते, कागद नव्हता. बाकावर एक आजी बसल्या होत्या, पायात रबरी चपला. मी विचारलं, “माप द्यायला आलात का?” हो म्हणाल्या. त्यांचा नातू आधीच जिना उतरून रिक्षा बघायला गेला होता, त्याला वरून हाक मारली आणि बूट आणायला घरी पिटाळलं. काका माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

गेल्या आठवड्यात आंघोळीनंतर बसलो होतो, तेव्हा डावा अंगठा जरासा वर आला. फार नाही, तांदळाच्या दाण्याइतका. बायकोला बोलावलं, तोवर थकून परत खाली.

हो, मोज्यांचं राहिलंच. फुटबॉलवाली पोरं घालतात तसे गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे घ्या, निदान चार जोड, आणि घालताना टाचेशी सुरकुती राहू देऊ नका. मे महिन्यात मला दिवसातून दोनदा बदलावे लागले.